पोटरीला किती मार्क?

पोहाणे सरांच्या घरात दारांपेक्षा कुलपं जास्त झाली, तेव्हा अनुसयाबाईंच्या मनात पहिल्यांदा पाल चुकचुकली.

तसं पाहिलं तर घरात चार कुलपं जास्त असल्यानं कोणाचं काही बिघडत नाही. पण सदाशिवराव पोहाणे म्हणजे दुकानदाराच्या गल्ल्यात उगाच पैसा टाकून येणारी असामी नव्हे. आंजी मोठी या गावच्या शाळेत गणित शिकवता शिकवता त्यांचे केस पिकले, आणि निवृत्तीनंतर वर्ध्यात घर बांधलं तेव्हा ट्रॅक्टरमधून उतरलेली वीट न वीट त्यांनी मोजून घेतली होती. असा माणूस संध्याकाळी फिरायला जातो आणि दोन दिवसांआड माणिकभाऊच्या हार्डवेअरच्या दुकानातून एक कुलूप घेऊन घरी येतो, याचा अर्थ काय लावायचा?

"अवो, कुलपं काऊन आणून राह्यले जी तुम्ही?" अनुसयाबाईंनी एकदाचं विचारलं.

"असू दे. जमाना खराब आहे," सर म्हणाले.

"जमाना खराब हाये, पन चोरानं न्यावं असं आपल्या घरी हाये तरी काय? कुलपंच हायेत!"

सरांनी नवं कुलूप खुंटीला अडकवलं. बोलणार काय? खरं कारण त्यांच्या डाव्या पोटरीत होतं, आणि ते कारण त्यांनी कुलपांपेक्षाही घट्ट बंद करून ठेवलं होतं.

झालं होतं असं, की गेल्या उन्हाळ्यापासून सर घरातून निघाले आणि पाण्याच्या टाकीचं वळण ओलांडून पुढे गेले की डावी पोटरी आखडायची. आधी नुसती कुरकुर, मग कोणी आतून पिळून काढल्यासारखी कळ. थांबलं की दोनचार मिनिटांत सगळं शांत, जसं काही झालंच नव्हतं. पुन्हा चालू लागलं की पुन्हा तेच. थांबायला हरकत नव्हती. पण वर्ध्यासारख्या गावात निवृत्त शिक्षकाला रस्त्यात विनाकारण थांबण्याची सोय आहे का, सांगा! पहिला मोटारसायकलवाला म्हणतो, "सर, सोडू का घरी?" दुसरा म्हणतो, "चक्कर आली का जी सर?" आणि तिसरा येईपर्यंत घरी निरोप पोचलेला असतो की सरांना ॲटॅक आला. तेव्हा थांबायचं तर कारण पाहिजे. आणि पोटरीची नेमकी वेळ भरायची ती माणिकभाऊच्या दुकानासमोर. तिथं उभं राहून एखादी वस्तू पाहत राहावं, तर ती शेवटी घ्यावी लागते. नळाच्या तोट्या पाहून झाल्या, कड्या-कोयंडे पाहून झाले. कुलपं त्यातल्या त्यात स्वस्त आणि पाहायला वेळ लागणारी. किल्ली लावून पाहावी, काढून पाहावी, दुसरी किल्ली लावून पाहावी. तेवढ्यात कळ उतरायची.

आता तुम्ही म्हणाल, बायकोला सांगायला काय हरकत होती? हरकत होती. सरांची चाल ही सरांची अब्रू होती. शाळेत त्यांच्या चपलांचा आवाज आला की अख्खा व्हरांडा चूप व्हायचा. सप्तपदीच्या वेळीसुद्धा ते नवरीच्या पुढे निघून गेले होते आणि भटजींनी त्यांना धोतराला धरून मागे आणलं होतं, असं अनुसयाबाईंचे भाऊ अजून सांगतात. लग्नानंतर तर विचारूच नका. बाजार असो, लग्नकार्य असो, सर पुढे आणि अनुसयाबाई हातात पिशवी घेऊन मागे. "अवो, हळू चाला ना जी!" हे वाक्य वर्ध्याच्या प्रत्येक रस्त्यानं ऐकलं असेल. ऐकलं नाही ते फक्त सरांनी.

सरांची दुसरी ख्याती म्हणजे मार्क. पोहाणे सरांनी पैकीच्या पैकी कोणाला दिले, असं आंजीच्या शाळेत कधी घडलं नाही. उत्तर बरोबर, रीत बरोबर, तरी अर्धा कापलेला. पोरानं विचारलं तर म्हणायचे, "समास बरोबर सोडला नाहीस." हीच सवय घरी. ताट पुढे आलं, पहिला घास गेला, की सर मान हलवून सांगायचे, "भाजी दहापैकी साडेसहा." एकदा पुरणपोळीला आठ मिळाले होते, तर अनुसयाबाईंनी त्या दिवशी तिन्ही बहिणींना फोन लावून सांगितलं.

तर कुलपांची गोष्ट इतक्यावर थांबली असती. पण शेजारी बंडोपंत राहत होते. बंडोपंत पोस्टातून निवृत्त झालेले. दुसऱ्याची पत्रं पोचवण्याची नोकरी सुटली तरी दुसऱ्याच्या बातम्या पोचवण्याची हौस सुटली नव्हती. सर इतकी कुलपं आणतात म्हणजे आंजीचं वावर गुपचूप विकलं, आणि पैसा घरातच ठेवला, असा त्यांनी हिशेब काढला आणि चार घरी सांगितला. त्याचा परिणाम लगेच दिसला. विम्याचा एजंट दोनदा येऊन चहा पिऊन गेला. दुर्गा मंडळाच्या पोरांनी दरवर्षीच्या वर्गणीपुढे एक शून्य वाढवून पावती फाडली. एक लांबचा भाचा, जो सरांच्या निवृत्तीच्या कार्यक्रमालाही आला नव्हता, तो सीताफळं घेऊन भेटायला आला. शेवटी बंडोपंत स्वतः कुंपणावरून वाकून म्हणाले, "सर, मी कोनाले सांगत नाई. पन कॅमेरा लावून घ्या घराले."

त्या दिवशी अनुसयाबाईंनी सगळी कुलपं पिशवीत भरली आणि परत करायला माणिकभाऊच्या दुकानात गेल्या. माणिकभाऊनं पिशवी पाहिली आणि तो खजील झाला.

"बाई, मले वाटलंच व्हतं. सर येतात, पाय धरून उभे रायतात, चेहरा असा पिळवटते त्यायचा. मग कुलूप पाह्यतात. बरं वाटलं की जातात. मी इचारलं तर म्हनतात, कुलूप मजबूत आहे का पाहतो."

अनुसयाबाई घरी आल्या, पिशवी सरांच्या पुढ्यात ठेवली, आणि एवढंच म्हणाल्या, "पाय दाखवा."

इतकं साधं असतं तर दुसऱ्याच दिवशी दवाखाना झाला असता. पण आपल्याकडे दुखणं आधी गल्लीतून फिरून येतं, मग डॉक्टरकडे जातं. बंडोपंतांनी पोटरी दाबून पाहिली आणि जाहीर केलं, "नसवर नस चढली." पोस्टात आयुष्य गेलेल्या माणसाला नसांची चढउतार कशी कळते, हे विचारण्याची पद्धत नाही. त्यांनी लसूण जाळलेलं तिळाचं तेल सांगितलं. माणिकभाऊनं डाव्या पायात बांधायला काळा धागा दिला, तोही फुकट, कुलपांची भरपाई म्हणून. तेल आणि धागा मिळून अंथरूण मात्र खराब झालं. मग बंडोपंत म्हणाले, हायवेवर जाम गावच्या चौकात एक जण बसतो, तो चढलेली नस खाली उतरवून देतो, ट्रकवाले रांग लावतात. सर गेले. त्या माणसानं अंगठा धरून असा काही हिसडा दिला की सरांना दिवसा तारे दिसले. गंमत अशी की त्यानं हिसडा दिला तो उजव्या पायाला. "डावा आहे, डावा!" असं सर ओरडले, तर तो शांतपणे म्हणाला, "नसची मुळी तिकडं असते, बाबा." जाताना एक पाय दुखत होता, येताना दोन. "बाबा" म्हटल्याचं दुःख वेगळंच.

एवढ्यात नवरात्र झालं, आणि अनुसयाबाईंनी गिरडचा विषय काढला.

हा विषय सात वर्षांचा जुना. नात ईरा पुण्यात जन्मली ती वेळेआधी, मुठीत मावेल एवढी, आणि पंधरवडाभर काचेच्या पेटीत. मुलगा निशांत फोनवर नुसता रडायचा. तेव्हा अनुसयाबाईंनी गिरडच्या टेकडीवरच्या दर्ग्यातल्या बाबांना नवस बोलला होता की पोरगी वाचली तर आम्ही दोघं जोडीनं, पायी टेकडी चढून येऊ. ईरा वाचली. आता ती कराटेच्या क्लासला जाते आणि बापाला लाथा घालते. नवस मात्र राहिला. पहिल्या वर्षी घराचं बांधकाम होतं. दुसऱ्या वर्षी पेन्शनची फाईल नागपूरला अडकली. मग कोरोना. मग ट्यूशनच्या पोरांची बोर्डाची परीक्षा. "पाहू," सर म्हणायचे. पाय होते तेव्हा सरांना सवड नव्हती. आता सवडच सवड होती, तर हे असं.

"औंदा जाचंच," अनुसयाबाई म्हणाल्या. "पुढच्या साली माहे पाय रायते का नाई, कोनं पाह्यलं?"

बायका असं बोलतातच, म्हणून सरांनी ते कानाआड केलं. पण औंदा जायचं, हे त्यांनाही मनातून वाटत होतं. बाईनं त्यांच्याकडे उभ्या जन्मात एवढं एकच मागितलं होतं, आणि त्याला त्यांनी सात वेळा "पाहू" म्हटलं होतं. तेव्हा आधी पाय दाखवायचा आणि मग गिरड, असं ठरलं.

मोठ्या दवाखान्यात पोचेपर्यंत सरांना वाटत होतं की डॉक्टरसमोर नेमकं दुखणारच नाही. ती चिंता दवाखान्यानंच मिटवली. कार्ड काढायची खिडकी एका टोकाला, पैसे भरायची दुसऱ्या टोकाला, शिक्का मारायची वरच्या मजल्यावर, आणि शिक्क्याची बाई जेवायला गेलेली. पहिल्या खिडकीनं दुसरीकडे पाठवलं, दुसरीनं पहिलीची सही मागितली. प्रत्येक दोन खिडक्यांच्या मध्ये सरांची पोटरी भरून यायची आणि ते भिंतीवरचे क्षयरोगाचे तक्ते वाचत उभे राहायचे. डॉक्टरपुढे बसले तेव्हा क्षयरोगाबद्दल त्यांना सगळं माहीत झालं होतं.

डॉक्टरांनी पायाची नाडी चाचपली, घोट्याजवळ बराच वेळ बोट ठेवलं आणि विचारलं, "सिगारेट?"

"नाही," सर म्हणाले.

अनुसयाबाई खोकल्या.

"पेपर तपासताना कधीतरी," सर म्हणाले.

अनुसयाबाई पुन्हा खोकल्या, आणि यावेळी डॉक्टरांनी लिहून घेतलं. मग त्यांनी समजावून सांगितलं की पायाला रक्त नेणारी नळी आतून अरुंद झाली आहे; बसलं तर रक्त पुरतं, चाललं की पुरत नाही, म्हणून पोटरी ओरडते. गोळ्या घ्या, सिगारेट आजपासून बंद, आणि किती चालता येतं त्याची टेस्ट करून या, फिजिओथेरपीत. त्यावरून चालण्याचा व्यायाम ठरवू.

टेस्ट! हा शब्द घरी पोचला आणि बंडोपंत कुंपणावरून अर्धे आत आले. "सर, सांभाळून. माह्या साळ्याचा चुलतभाऊ असाच त्या फिरत्या पट्ट्यावर चालला. लय दुखते म्हनाला, अन् त्याच दिवशी नागपूरले पाठोला, ऑपरेशनले. जो लय दुखते म्हनते तो गेला!" टेस्ट म्हणजे परीक्षा, आणि परीक्षेत पोहाणे सर स्वतः नापास होणार? त्या रात्री सरांनी अंगणात येरझारा घालून सराव केला. पोटरी इतकी भरून आली की सकाळी लंगडतच ते टेस्टला गेले.

आणि तिथं पांढरा कोट घालून उभी होती आचल. आंजीच्या शाळेतली, त्यांच्याच हाताखाली शिकलेली. सरांना पाहताच तिचा चेहरा फुलला.

"सर, तुम्ही! मी आचल. आठवते ना? दहावीत गणितात तुम्ही मले शाळेत सगळ्यात जास्त मार्क दिले होते."

"किती?"

"एकोणसत्तर, सर."

तिनं सरांना आडवं झोपवलं, दोन्ही दंडांना पट्टा बांधून बीपी घेतलं आणि मग पट्टा घेऊन पायाशी वाकली. विद्यार्थिनी पायाशी वाकल्याबरोबर सरांचा हात आपोआप वर झाला. "यशस्वी हो," सर म्हणाले. आचल म्हणाली, "सर, बीपी घेऊन राह्यली. घोट्याचंही घ्यावं लागते." मग तिनं घोट्याला थंडगार जेल लावून पेनासारखं एक यंत्र टेकवलं. "दीर्घायुषी हो," सर म्हणाले. उजव्या पायातून यंत्रात रक्ताचा आवाज चांगला धपाधपा आला. डाव्या पायातून मात्र दूरच्या खोलीत कोणी कुजबुजावं तसा. ती पुन्हा वाकली, पुन्हा पाहिलं, तिसऱ्यांदा पाहिलं. सरांचा आशीर्वादांचा साठा संपत आला होता.

"सर, आता या फिरत्या पट्ट्यावर चालायचं," आचल म्हणाली. "चालता चालता मी विचारीन, किती दुखते. तुम्ही फक्त..." इथं ती क्षणभर थांबली, आणि सरांना सोपं जावं म्हणून तिनं आपल्या मनानं एक शब्द वापरला. "तुम्ही दुखण्याले चारपैकी मार्क द्यायचे. एक म्हणजे नुकतं सुरू झालं. दोन म्हणजे बऱ्यापैकी. तीन म्हणजे खूप. चार म्हणजे आता एक पाऊलही नाई. समजलं ना, सर?"

बिचारी पोर! जगात तिनं हा शब्द दुसऱ्या कोणापुढेही वापरला असता तर चाललं असतं.

पट्टा सुरू झाला. सरांनी सवयीनं पुढे जायचा प्रयत्न केला, पण पट्टा पुढे जाऊ देईना. पुढे कोणी नाही, मागे कोणी नाही आणि तरी आपण तिथंच, हा अनुभव त्यांना नवा होता. थोड्या वेळानं पट्टा तिरपा झाला आणि पोटरी जागी झाली.

"किती, सर?"

सरांनी विचार केला. दुखणं तपासून पाहिलं. सुरुवात बरी होती, पण मांडणीत जोर नव्हता.

"अर्धा."

आणखी थोडं. कळ आता गुडघ्याकडे सरकत होती.

"आता?"

"एक. सव्वा म्हण हवं तर."

सरांच्या कपाळावरून घाम कानात उतरला. दोन्ही हातांनी त्यांनी पुढचा दांडा असा धरला होता की अंगाचं निम्मं ओझं तिथंच होतं. डोळ्यांपुढे काजवे चमकत होते. आचल म्हणाली, "सर, दांडा सोडा जरा. अन् खरं सांगा, किती?" समोर विद्यार्थिनी, बाजूला बायको, डोक्यात बंडोपंतांच्या साळ्याचा चुलतभाऊ. त्यात हातात मार्क द्यायचा अधिकार. सरांनी दात आवळून हिशेब केला. जास्तीत जास्त देता येतील ते किती? आणि अर्धा कापायचाच.

"पावणेदोन," ते म्हणाले.

वेळ संपली. पट्टा थांबला. आचलनं पुन्हा घोट्याचं बीपी घेतलं. डाव्या पायाची कुजबुज आता ऐकूही येत नव्हती.

"सर, मशीन वेगळं सांगून राह्यली, तुम्ही वेगळं."

"मशीनला अनुभव नाही," सर म्हणाले.

पोरीनं आणखी काही म्हणायला तोंड उघडलं आणि मिटलं. दहावीत जिच्या तोंडून उलट शब्द निघाला नाही, तिच्या तोंडून आज कुठून निघणार? तिनं व्यायाम समजावून सांगितला. रोज चालायचं, दुखणं तीनवर गेलं की थांबायचं, बसायचं, उतरलं की पुन्हा चालायचं. असंच चालत राहिलं तर हळूहळू पाय सुधारेल. अनुसयाबाईंनी गिरडचं विचारलं. आचल सरांकडे पाहत म्हणाली, "या मार्कांवरून तर जाता येईल. पण थांबत थांबत. तीनला बसायचं म्हणजे बसायचं. चारवर जाऊ द्यायचं नाई, सर. नक्की?"

"नक्की," सर म्हणाले. अनुसयाबाईंनी सगळं नीट ऐकून घेतलं, आणि आचलच्या डोक्यावरून हात फिरवला.

दिवाळीआधीचा एक मोकळा दिवस पाहून प्रेमदासची ऑटो ठरवली. टेकडीखाली आल्यावर प्रेमदास म्हणाला, "बाई, जितकं वर जाते तितकं नेऊन सोडतो ना. उगाच काय चालता या वयात?"

"नवस पायी बोलला व्हता," अनुसयाबाई म्हणाल्या. त्यांनी नवीन लुगडं नेसलं होतं, पिशवीत फुलं होती, बाबांना चढवायची गोड शिरणी होती, आणि ईराचा एक फोटो. चेहरा असा, जसं काही लग्नालाच निघाल्या.

सर निघाले. अर्थातच पुढे. त्यांनी मनाशी पक्कं केलं होतं की आज बाईचा नवस फेडायचा, काही झालं तरी. पोटरी कुरकुरली तेव्हा ते मनात म्हणाले, अर्धा. चढ वाढला. एक. मागून आवाज आला, "अवो, हळू चाला ना जी!" पण तीन व्हायला तर अजून फार अवकाश होता, तेव्हा थांबायचं कशाला? दीड. कळ पिळत वर चढली, पाऊल दगडासारखं जड झालं, पण सरांच्या हिशेबानं पावणेदोनच होते. त्यांनी जन्मात कोणाच्या पदरात सहजासहजी तीन टाकले नव्हते. आता स्वतःच्या पोटरीच्या पदरात कसे टाकणार?

आणि मग निम्म्या वाटेवर पायच उचलेना. डावा पाय जमिनीत रोवल्यासारखा झाला. सर "आई गं!" म्हणून मटकन खाली बसले, ते पायऱ्यांच्या कडेला, आल्यागेल्याच्या पायांत.

अनुसयाबाई मागून आल्या. आल्या, उभ्या राहिल्या, श्वास घेतला.

"किती?" त्यांनी विचारलं.

सरांच्या डोळ्यांत पाणी होतं. आणि आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी काहीही कापलं नाही.

"चार," ते म्हणाले. "चारपैकी चार. लय दुखून राह्यलं वं मले."

अनुसयाबाईंनी हातातली पिशवी खाली ठेवली. मग त्या म्हणाल्या, आणि त्यात राग नव्हता, हेच वाईट, "बेचाळीस वर्षं तुमाले सैपाक करून वाढला. मले कधी पुरे मार्क नाई भेटले. अन् या पोटरीले एका दिवसात चारपैकी चार!"

सर पोटरी चोळू लागले. काहीतरी बोलावं म्हणून ते बोलले, "बसलो की उतरतं. जाऊ आपण." उतरलंही. ते उठले, थोडे चालले आणि पुन्हा तीच कळ, आधीपेक्षा लवकर. पुन्हा बसले, पुन्हा उठले. तिसऱ्यांदा अनुसयाबाईंनीच त्यांच्या खांद्यावर हात ठेवून खाली बसवलं.

"राहू द्या. जबरदस्तीनं नवस फिटत नाई."

"जोडीनं बोलली होतीस तू."

"बोलली व्हती. सात साल वाट पाह्यली ना जी. आता अर्ध्यापर्यंत तर आनलं बाबानं तुमाले. बाकीचं मी सांगतो त्याईले. तुम्ही इथूनच हात जोडा. मी जाऊन येतो."

त्या निघाल्या आणि सर पाहत राहिले. तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की आपण हिला पाठमोरी चालताना कधी पाहिलंच नाही. कसं पाहणार? ती कायम मागे. आज ती पुढे होती, आणि ती लंगडत होती. एका पायरीवर आधी उजवा पाय, मग हात गुडघ्यावर दाबून त्याच पायरीवर डावा. थांबायचं. मग पुढची. अंग एका बाजूला झुकवून, पदराचं टोक दातात धरून. आज मुरगळलेल्या पायाची ही चाल नव्हती. बरीच जुनी, अंगवळणी पडलेली, दुखणं कुठं ठेवायचं ते ठरलेली चाल होती. कधीपासून? घर बांधलं तेव्हापासून, की त्याच्याही आधीपासून? बाजारातून दोन्ही हातांत पिशव्या घेऊन ती "हळू चाला ना जी" म्हणायची, ते त्यांनी तिचं नुसतं म्हणणं समजून सोडून दिलं होतं. पुढच्या साली माझे पाय राहतात की नाही, हेही त्यांनी तसंच सोडून दिलं होतं. सरांना पोटरीच्या वर कुठंतरी, छातीत, असं काही दुखलं की त्याला किती द्यावे ते सुचेना. आपण चुकलो, फार चुकलो, एवढंच त्यांना समजलं.

घामानं डोकं भिजलं म्हणून त्यांनी टोपी काढून पुढे ठेवली होती. वरून उतरणाऱ्या एका म्हातारीनं त्यांचा ओला चेहरा पाहिला, कोणी पोचलेला माणूस बसलाय असं तिला वाटलं असावं, आणि तिनं टोपीत मूठभर रेवड्या टाकून पायाला हात लावला. सरांचा हात आपोआप वर गेला. "यशस्वी हो." तिच्या मागून आलेल्यानं ते पाहिलं आणि तोही वाकला. एरवी सरांनी अशा अपमानानं घर डोक्यावर घेतलं असतं. आज ते आशीर्वाद देत बसले, आणि वाकणाऱ्या प्रत्येकाला विचारत राहिले, "वर एक बाई दिसली का? हिरवं लुगडं? हळू चालते ती."

अनुसयाबाई उतरल्या तेव्हा सरांसमोर चांगली गर्दी होती. त्या गर्दीतून वाट काढत आल्या आणि म्हणाल्या, "हे काय लावलं जी?" लोक पांगले. त्या शेजारी बसल्या, पाय लांब केला आणि गुडघा हळूच सरळ केला. सरांनी टोपी पुढे केली. त्यांनी एक रेवडी उचलली.

"सांगितलं बाबाले," त्या म्हणाल्या. "ईराचा फोटो ठेवला."

सरांना बरंच काही बोलायचं होतं. साडेसहा मिळालेल्या भाज्यांबद्दल, सात वेळच्या "पाहू"बद्दल. पण त्यातलं एकही तोंडाबाहेर येईना. शेवटी त्यांनी तिच्या गुडघ्याकडे पाहिलं आणि आचलसारखाच प्रश्न विचारला, जो त्यांनी फार आधी विचारायला हवा होता.

"तुझं किती दुखते वं? चारपैकी?"

अनुसयाबाईंनी रेवडी चावली. खाली प्रेमदासची ऑटो उभी होती तिकडे पाहत त्या साधेपणानं म्हणाल्या, "मले काय मालूम जी? तुम्ही कधी थांबले असते, तर मोजलं असतं."